खान्देशातील जमिनीचे प्रदूषण: शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत केळी, कपाशी, मका, पपई, मिरची आणि टरबूज करणाऱ्या शेतकऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मातीच्या प्रदूषणावर इंटरनेटवर मिळणारे बरेचसे सल्ले पावसाळी, आम्लधर्मी मातीच्या मुलखात तयार झालेले असतात. आपली तापीकाठची काळी माती चुनखडीयुक्त, विम्लतेकडे (अल्कतेकडे) झुकलेली आणि चिकण आहे. त्यामुळे तिथला उपाय इथे कधी निरुपयोगी ठरतो, तर कधी उलटतो. उत्तरे देताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवला आहे.

उत्पन्न घटत चालले आहे. जमीन प्रदूषित झाली असे समजायचे का?

लगेच तसे समजू नका. उत्पन्न घटण्यामागे चार वेगळी कारणे असू शकतात. माती उपाशी असते, म्हणजे सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह कमी पडलेले असते. माती खारवट किंवा चोपण (सोडियम साठून घट्ट) झालेली असते. मातीत तणनाशक, कीटकनाशक किंवा जड धातू उरलेले असतात. किंवा प्लास्टिकचे तुकडे आणि निचरा बंद पडल्याने मुळांना हवा मिळत नाही. चारही वेळा पीक पिवळे पडते, खुंटते. रोग मात्र चार आणि औषधेही चार. दुकानातून आणलेली एकच बाटली चारही रोगांवर चालते असे कोणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. आधी तपासणी करा.

मृदा आरोग्य पत्रिका काढली आहे. प्रदूषण त्यात कळते का?

बहुतांशी नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात: सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. यांतून जमिनीची भूक कळते. सामू आणि वाहकता यांवरून क्षारांचा अंदाजही येतो. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक किंवा कीटकनाशकांचे अवशेष त्यात नसतात.

तरीही पत्रिकेतले दोन आकडे आधी वाचा. विद्युत वाहकता मीटरला १ डेसिसायमनपेक्षा कमी असेल तर क्षारांची चिंता नाही. त्यापुढे उगवणीवर परिणाम दिसू लागतो. सामू ८.५ च्या वर गेला असेल तर जमीन चोपण होत असल्याचा संशय घ्यावा. मग विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचे प्रमाण मुद्दाम तपासून घ्यावे. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण धरतात.

जड धातूंची तपासणी महाग असते आणि ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. प्रत्येक शेताला तिची गरज नाही. शेत औद्योगिक वसाहतीला, भंगाराच्या किंवा बॅटरी फोडण्याच्या जागेला, शहराच्या नाल्याला किंवा कचरा डेपोला लागून असेल, तरच तो खर्च करावा.

नमुना कसा घ्यायचा?

पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी; आपल्याकडे एप्रिल-मे सगळ्यात सोयीचा. एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या आणि हंगामी पिकासाठी वरच्या २० सेंटिमीटरपर्यंतची माती कडेने खरवडून काढा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा, असे करत अर्धा किलो उरू द्या. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याच्या जागची माती यात येऊ देऊ नका. सूक्ष्म अन्नद्रव्ये किंवा धातू तपासायचे असतील तर लोखंडी पावडे आणि पत्र्याचे घमेले टाळा. लाकडी खुरपे आणि प्लास्टिकची बादली चालते. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून पाठवली तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

प्रदूषणाचा संशय असेल तर एकच सरासरी नमुना पाठवू नका. खराब दिसणाऱ्या जागेचा एक आणि त्याच शेतातल्या चांगल्या जागेचा दुसरा, असे दोन वेगळे पाठवा. दोन अहवाल शेजारी ठेवले की फरक कुठे आहे ते दिसते. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. नमुना कुठे द्यायचा, यासाठी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे, तसेच धुळे आणि नंदुरबार इथेही अशी केंद्रे आहेत.

ठिबकच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ दिसते. हे काय आहे?

ते क्षार आहेत. ठिबकखाली ओल कांद्याच्या आकारात पसरते आणि तिच्या कडेला पाणी उडून जाते तेव्हा पाण्यातले क्षार तिथेच उरतात. बोअर जितका खोल गेला, तितके पाणी जड होत जाण्याची शक्यता वाढते. यावल-रावेर पट्ट्यात भूजलाचा उपसा किती वाढला आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात विद्राव्य खतेही क्षारच असतात, म्हणजे भर दोन्हीकडून पडते.

ठिबक बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. पाटाने दिलेले पाणी त्याहून जास्त क्षार आणते, कारण पाणीच जास्त लागते. पहिले काम म्हणजे पाणी तपासणे. त्यात वाहकता आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट हे दोन आकडे मागा. दुसरा आकडा लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी जमिनीला चोपण बनवू शकते आणि जिप्समशिवाय वापरू नये. दुसरे काम पावसाळ्यातले. पहिल्या हलक्या सरी या कडेच्या क्षारांना मुळांकडे ढकलतात. त्या वेळी ठिबक बंद ठेवू नका, थोडा वेळ चालवा, म्हणजे क्षार बाहेरच राहतील. मोठा पाऊस झाला की ते खाली धुऊन जातात. मात्र खाली जायला वाट हवी. शेताच्या खोलगट बाजूने मीटरभर खोल उघडी चारी काढून ती नैसर्गिक ओघळीला जोडली नसेल, तर धुतलेले क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात.

तोवर पीक बदलून नुकसान टाळता येते. केळी, हरभरा, मूग ही पिके क्षारांना नाजूक. कपाशी बरीच सोसते. एखाद्या कोपऱ्यात केळीच्या पानांच्या कडा दरवर्षी करपत असतील, तर तिथे पुन्हा केळीच लावण्याचा हट्ट सोडून दोन वर्षे कपाशी किंवा ढैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) घेणे शहाणपणाचे.

चोपण जमिनीत एकरी किती जिप्सम टाकावे?

हा आकडा कोणी शेत न पाहता सांगू नये. प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्या. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला सोडवते. सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली जायला हवे, म्हणून निचरा नसलेल्या शेतात जिप्सम टाकणे हा खर्च वाया. त्यामुळे क्रम असा: आधी चारी, मग मे महिन्यात वरच्या थरात जिप्सम, मग पावसाचे पाणी बांध घालून शेतात मुरवणे, आणि नंतर ढैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडणे. चुनखडी भरपूर असलेल्या जमिनीत गंधकही चालते, कारण जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि चुनखडीतून जिप्सम तिथल्या तिथे तयार होते. मात्र त्याला वेळ लागतो.

नुसती खारवट, पांढरी बुरशी आल्यासारखी दिसणारी पण भुसभुशीत जमीन असेल तर जिप्समची गरजच नसते. तिला निचरा आणि गोड पाणी पुरते. चोपण जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, आणि पाणी तासन्‌तास वर साचून राहते.

केळीला रासायनिक खत जास्त झाले तर त्याला प्रदूषण म्हणायचे का?

होय, आणि हे प्रदूषण विहिरीपर्यंत जाते. केळीची शिफारस मुळातच मोठी आहे: झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश. एकरी १,७५० झाडे धरली तर ३५० किलो नत्र. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर ४५ किलोच्या सुमारे १७ गोण्या. ठिबकातून विद्राव्य खते दिली तर ही मात्रा पाव हिश्श्याने कमी करता येते. प्रत्यक्षात अनेक बागांत उलटे होते: जमिनीतून पूर्ण मात्रा, ठिबकातून वेगळी, आणि शेजाऱ्याची बाग हिरवी दिसली म्हणून वर आणखी. डीएपी या स्फुरदाच्या खतातले नत्र तर हिशेबात धरलेच जात नाही.

झाडाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जाते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरते, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. आणि नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होते. शेतातल्या विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी वापरत असाल, तर वर्षातून एकदा ते तपासून घ्याच. यात कंजुषी करू नका.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. ते खाली जात नाही, वरच साठते आणि मग जस्त अडवते. पत्रिकेत स्फुरद भरपूर दिसत असूनही दरवर्षी डीएपी टाकणे म्हणजे स्वतःच्या पैशाने जस्ताची कमतरता विकत घेणे. शिवाय फॉस्फेट खडकापासून बनणाऱ्या खतांत थोडे कॅडमियमही येते. एका वर्षात ते नगण्य असते, पण मातीतून ते कधीच नाहीसे होत नाही.

मक्यानंतर हरभरा पेरला. उगवला आणि पिवळा पडून जळाला. तणनाशकामुळे असेल का?

शक्यता मोठी आहे. खरिपाच्या मक्यात ॲट्राझिन सर्रास वापरले जाते. ओल आणि ऊब असेल तर ते काही महिन्यांत मोडते. पण सामू जास्त असलेल्या जमिनीत त्याचे मोडणे मंदावते, आणि आपली जमीन तशीच आहे. मात्रा थोडी जास्त पडली, वळणावर फवारा दुहेरी बसला, पाऊस लवकर थांबला, की रब्बीच्या द्विदल पिकाला फटका बसतो. मेटसल्फ्युरॉन, क्लोरीम्युरॉन या कुळातली तणनाशकेही विम्ल जमिनीत जास्त टिकतात. एकरी काही ग्रॅममध्येच त्यांचे काम होत असल्याने अंदाजाने ओतणे फार महागात पडते.

पेरणीपूर्वी याची खात्री घरच्या घरी करता येते. संशयित शेताची वरची माती चार कुंड्यांत भरा. जिथे तणनाशक कधी मारले नाही अशा बांधालगतच्या किंवा परसातल्या तशाच मातीच्या आणखी चार कुंड्या करा. सगळ्यांत काकडी आणि जे पीक घ्यायचे ते पेरा, सारखे पाणी द्या, तीन आठवडे बघा. ॲट्राझिनचा परिणाम बी उगवताना नव्हे, तर पाने फुटल्यावर दिसतो, कडेपासून पिवळेपणा सुरू होतो. म्हणून आठवड्यात निकाल लावू नका. फरक दिसला तर त्या हंगामात तिथे ज्वारी किंवा मका घ्या, शेणखत वाढवा, ओल टिकवा. तणनाशक मोडण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यांना खाद्य, ओल, हवा लागते.

कपाशीच्या पानांचा पंजासारखा आकार होतो, तो वेगळा प्रकार. तिथे बहुतेक वेळा २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता वापरलेला असतो किंवा शेजारून वाऱ्याने फवारा आलेला असतो. माती त्यात दोषी नसते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्यांचे काय करायचे?

बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून हलवा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. असे तीन वेळा. मग बाटलीला तळाशी भोक पाडा, म्हणजे कोणी तेल-पाण्यासाठी उचलणार नाही, आणि कुलूपबंद जागी गोणीत जमा करा. विहिरीच्या थारोळ्यावर, पाटात, ओढ्यात पंप धुऊ नका. बांधावर फेकलेली एक बाटली पावसात जेवढे विष सोडते, तेवढे तीनदा धुतलेली सोडत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही वापरलेली वेष्टने आणि धुण्याचे पाणी माती-पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने हाताळावे, असे बंधन आहे. गावात अशा बाटल्या गोळा करण्याची सोय नसेल, तर ग्रामसभेत तो विषय मांडा आणि विक्रेत्यांकडेही मागणी करा. एकट्या शेतकऱ्याने हे निस्तरावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. ज्यांनी बाटली विकली, त्यांनी ती परत घेण्याची व्यवस्था उभी करायला हवी.

मल्चिंग पेपर नांगरून टाकला तर चालतो का?

मुळीच नाही. टरबूज, मिरची, पपईला वापरतात तो २५-३० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद उन्हाने ठिसूळ होतो आणि रोटाव्हेटर फिरला की त्याचे हजारो तुकडे होतात. ते पुढे वेचता येत नाहीत, कुजत नाहीत, पाणी मुरण्याच्या वाटा अडवतात, जनावरांच्या पोटात जातात. पीक निघाल्याबरोबर, कागद अजून चिवट असताना, हलक्या ओलीवर तो गुंडाळून काढा. दोन हंगाम वापरायचा असेल तर जाड कागद घ्या. पातळ कागद स्वस्त पडतो, पण काढायची मजुरी त्याने वाढते. ‘विघटनशील’ असे लिहिलेला प्रत्येक कागद कुजतोच असे नाही. काही नुसते बारीक तुकडे होतात, आणि ते तर जास्तच वाईट. मातीत खरोखर कुजण्याच्या प्रमाणपत्राबद्दल दुकानदाराला विचारा.

केळीच्या घडावरच्या पिशव्या, बांधायच्या प्लास्टिक दोऱ्या, फाटक्या नळ्या यांनाही हेच लागू. जुन्या नळ्या वजनावर भंगारात जातात. माती झटकून बंडल केले तर भाव मिळतो. दोऱ्यांना कोणी विचारत नाही. शक्य तिथे सुतळी किंवा केळीच्याच सोपटाची दोरी वापरणे, हाच त्यावर मार्ग.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि केळीचा कचरा जाळावा की नाही?

पऱ्हाटी बांधावर वर्षभर रचून ठेवू नये हे खरे, कारण गुलाबी बोंडअळी त्यातल्या बोंडांत दडून राहते. पण म्हणून जाळायची गरज नाही. श्रेडरने बारीक करून शेणकाला आणि थोडा युरिया घालून ढीग लावला तर पावसाळ्यापर्यंत खत होते. यंत्र एकट्याला परवडत नाही. शेतकरी गटाने किंवा भाड्याने आणावे. केळीचे खोड तर पाण्याने आणि पालाशने भरलेले असते. तुकडे करून दोन ओळींमध्ये पसरले की लवकर कुजते, गांडुळांना आवडते आणि पुढच्या पोटॅशचा खर्च वाचवते. विषाणूजन्य रोगाने उपटलेली झाडे मात्र बागेत पसरू नका, ती दूर नेऊन गाडा.

जाळताना सगळ्यात घातक गोष्ट घडते ती कचऱ्यात पिशव्या, दोऱ्या आणि नळ्यांचे तुकडे मिसळलेले असतात तेव्हा. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळून डायॉक्सिन तयार होते. ते मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि चाऱ्यावाटे दुधात उतरते.

कोंबडीखत, प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ), शहराचे कंपोस्ट: कोणते सुरक्षित?

नवापूर भागातल्या कोंबड्यांच्या शेडमुळे नंदुरबार-धुळ्याकडे कोंबडीखत सहज मिळते. खत म्हणून ते जोरदार आहे, पण ताजे टाकले तर क्षार आणि अमोनिया मुळे जाळतात. खाद्यातून आलेले तांबे, जस्त आणि औषधांचे अवशेषही त्यात असू शकतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवा, ढीग तापू द्या, मगच टाका. आणि दरवर्षी एकाच शेतात टाकू नका. प्रेसमडही कुजवूनच. मद्यार्क कारखान्यातून निघणारे काळपट-लाल पाणी ‘पोटॅश आहे, फुकट आहे’ म्हणून टँकरने कोणी शेतात सोडत असेल तर घेऊ नका. त्यात पोटॅश असते हे खरे, पण क्षार आणि सेंद्रिय भार इतका असतो की प्रक्रिया आणि परवानगी यांशिवाय ते माती आणि विहीर दोन्ही नासवते.

शहराच्या कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत: किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, पारा ०.१५. पिशवीवर किंवा बिलाबरोबर तपासणी अहवाल मागा. काच आणि प्लास्टिकचे तुकडे दिसले तर गाडी परत पाठवा.

आणि शेतात मेंढ्या बसवण्याची जुनी पद्धत आपल्याकडे अजून जिवंत आहे. ठेलारी मेंढपाळ बांधवांचे वाडे उन्हाळ्यात येतात तेव्हा त्यांना जागा द्या. लेंडीखत आणि मूत्र थेट मातीत पडते. जमिनीसाठी यापेक्षा निर्धोक सौदा मला माहीत नाही.

धरणातला गाळ टाकावा का?

हलक्या, मुरमाड, बरड जमिनीत टाका; पाणी धरण्याची ताकद वाढते. आधीच भारी काळ्या किंवा चोपण जमिनीत टाकू नका. गावाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी ज्या तलावात उतरते, तिथला गाळ तपासल्याशिवाय घेऊ नका.

औष्णिक केंद्राची राख शेतात उपयोगी पडते असे ऐकले. खरे काय?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रामुळे हा प्रश्न येतो. कोळशाच्या राखेत थोडे पालाश, कॅल्शियम आणि सूक्ष्म द्रव्ये असतात, पण बोरॉन, आर्सेनिक आणि इतर धातूही असतात. आम्लधर्मी मातीत राखेचा काही उपयोग होतो. आपल्या विम्ल मातीत तो फायदा फार उरत नाही आणि आर्सेनिक अशा मातीत जास्त मोकळे राहते. माझे मत स्पष्ट आहे: राखेची जागा सिमेंट, विटा आणि रस्त्याच्या भरावात. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार राखेचा पूर्ण वापर करण्याची जबाबदारी वीज केंद्रांवरच आहे. पिकावर उडून बसणाऱ्या राखेची तक्रार मात्र तारीख घातलेल्या फोटोंसह जरूर करा.

नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी घेतो. धातूंचा धोका किती? चुना टाकावा का?

चुना टाकू नका. धातू बांधून ठेवण्यासाठी चुना टाकावा, हा सल्ला आम्लधर्मी मातीसाठी आहे. आपल्या मातीत चुनखडी आधीच पुरेशी आहे आणि तिच्यामुळे शिसे, कॅडमियम, जस्त बऱ्यापैकी बांधलेलेच असतात. आणखी चुन्याने लोह आणि जस्ताची कमतरता तेवढी वाढेल. उलट आर्सेनिक आणि सहा संयुजेचे क्रोमियम विम्ल मातीत जास्त हलते. शेजारी धातूवर मुलामा देणारे किंवा कातडे कमावणारे काम चालत असेल तर क्रोमियम मुद्दाम तपासा.

धोका सगळ्या भाज्यांत सारखा नसतो. मेथी, पालक, पोकळा, कोथिंबीर आणि मुळा धातू जास्त ओढतात. वांगी, भेंडी, गवार यांच्या फळांत ते कमी उतरतात. कपाशी किंवा फुलशेती केली तर ताटात फारच थोडे येते. म्हणून दूषित पाण्यावर पालेभाजी बंद करणे ही पहिली पायरी, माती शुद्ध करणे त्यानंतरचे. पानांवर बसलेली धूळही शिसे आणते, म्हणून बाजारात नेताना भाजी नाल्यातच बुचकळण्याची सवय सोडा, स्वच्छ पाण्याने धुवा. चांगले कुजलेले शेणखत भरपूर द्या. धातूंना ते धरून ठेवते.

सूर्यफूल, मोहरी, वाळा लावून माती शुद्ध होते का? जीवामृताने विष उतरते का?

काही वनस्पती धातू ओढतात हे शास्त्रीय सत्य आहे, पण वेग फार संथ; एका-दोन हंगामांत शेत स्वच्छ होत नाही. शिवाय ते पीक चारा, खत किंवा तेल म्हणून वापरता येत नाही, नाहीतर धातू फिरून घरात येतो. दूषित कोपरा झाकून ठेवायला, माती वाहू न द्यायला मात्र वाळा उत्तम.

जीवामृत आणि शेणकाला यांमुळे जिवाणूंची हालचाल वाढते, आणि मोडू शकणारी रसायने मोडायला त्याची मदत होते. शिसे मात्र मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू त्याला मोडू शकत नाही. ‘माती विषमुक्त करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांच्या जाहिराती हा फरक लपवतात.

ट्रॅक्टरचे जळके ऑईल किंवा डिझेल सांडले तर?

भुसा किंवा कोरडी माती टाकून लगेच शोषून घ्या, ती माती उचलून विहिरीपासून लांब प्लास्टिकवर पातळ पसरा, शेणखत मिसळा, ओली ठेवा आणि अधूनमधून उलटा. डिझेल काही महिन्यांत बरेचसे मोडते. जळक्या ऑईलमध्ये धातू असतात, म्हणून ती माती पुन्हा भाजीच्या वाफ्यात टाकू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून हे ऑईल फासण्याची पद्धतही विहिरीजवळ आणि गोठ्यात टाळा.

शेजारून कोणी सांडपाणी शेतात सोडतो. तक्रार कुठे आणि कशी?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नदी, विहिरीबरोबरच जमिनीवरही दूषित द्रव्य सोडायला मनाई आहे. तक्रार लेखी द्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तहसीलदार आणि ग्रामपंचायत, तिघांकडे, आणि पोच घ्या. पाणी वाहत असतानाचे फोटो, तारीख-वेळ, कोणत्या गटातून कोणत्या गटात आले, ते लिहा. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी यांच्याकडून पंचनाम्याची मागणी करा. मातीचे नमुने मंडळाच्या अधिकाऱ्यांसमोर घेतले आणि सील झाले तरच पुढे टिकतात. स्वतः घेतलेला नमुना स्वतःच्या माहितीपुरता. पाणी शेतात शिरते त्या तोंडाचा आणि वरच्या बाजूच्या न भिजलेल्या जागेचा, असे दोन्ही नमुने घ्यायला सांगा.

जुनी, वर्षानुवर्षे विषारी झालेली जागा असेल तर २०२५ साली आलेले दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियमही उपयोगी आहेत. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने वर पाठवणे, मग तपासणी आणि साफसफाईचा खर्च दोषीकडून वसूल करणे, अशी त्यांची रचना आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा त्या ओढ्यावरच्या आठ-दहा शेतकऱ्यांचा एकत्र अर्ज लवकर हलतो.

टरबुजासाठी किंवा केळीसाठी शेत खंडाने घेणार आहे. काय बघावे?

मालकाला गेल्या दोन वर्षांची पिके आणि मारलेली तणनाशके विचारा. बोअरचे पाणी बाटलीत भरून तपासणीला द्या, खंड ठरण्याआधी. कुदळीने चार ठिकाणी फूटभर खणा: जुन्या मल्चिंगचे तुकडे निघतात का, गांडुळे आहेत का, खाली घट्ट थर लागतो का, ते पाहा. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी जा आणि पाणी कुठे साचले ते बघा. वरच्या अंगाला काय आहे ते चालत जाऊन पाहा: वीटभट्टी, भंगार, नाला, कोंबड्यांचे शेड. आणि करारात एक ओळ लिहून घ्या की मल्चिंग, नळ्या, दोऱ्या आणि बाटल्या शेतातून काढून नेण्याची जबाबदारी खंडकऱ्याची राहील. मालक असाल तर ती ओळ स्वतः लिहा आणि अनामतीतले थोडे पैसे शेत साफ झाल्यावरच परत द्या.